वॉर्डातून दिल्लीला: इच्छुकांसाठी मार्गदर्शन

दिल्लीवर डोळा असलेल्या नगरसेवकाने एक खूणगाठ बांधावी: महापालिकेत अधिकार शोधू नयेत, खुर्ची शोधावी. मुंबईचा 1888 चा कायदा घ्या की इतर महापालिकांचा 1949 चा, कारभार आयुक्तांच्या हाती आणि खर्चाची मंजुरी स्थायी समितीकडे. महापौरांच्या वाट्याला उरते ते सभेचे अध्यक्षपद, तहकुबी आणि नारळ. नवखे इच्छुक इथेच फसतात नि स्थायीसाठी देव पाण्यात घालून बसतात. पण स्थायीत मंजूर केलेला रस्ता पहिल्या पावसात उखडतो आणि खड्ड्याला तुमचे नाव चिकटते. महापौराने मात्र पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे राहावे आणि कॅमेऱ्यांसमोर आयुक्तांना फोनवर झापावे. फोटो महापौराचा, नाला आयुक्तांचा.

पुरावा हवा? स. का. पाटील 1949 पासून सलग तीन वेळा मुंबईचे महापौर झाले. 1952 ला लोकसभेत गेले आणि पुढे केंद्रात मंत्री. मनोहर जोशी 1968 ला नगरसेवक, 1976 ला महापौर आणि पुढे 2002 ला लोकसभेचे अध्यक्ष. आरडाओरड्यात ‘बसा, खाली बसा’ म्हणण्याची तालीम पालिकेसारखी दुसरीकडे मिळत नाही. मुरलीधर मोहोळ मार्च 2022 पर्यंत पुण्याचे महापौर होते. जून 2024 मध्ये ते खासदार आणि लगोलग राज्यमंत्री झाले. एक खाते सहकार, दुसरे नागरी विमान वाहतूक, म्हणजे ज्या एका मार्गावर खड्डे पडत नाहीत तो. त्यांच्या निवडणुकीच्या वेळी पुण्यात एकही आजी नगरसेवक नव्हता, प्रशासकच सगळे पाहत होते. आजींचा असा दुष्काळ पडला की माजीचा भाव वधारतो. मोहोळ तर स्थायीचेही अध्यक्ष होते, असे कोणी चिकित्सक म्हणेल. होते, पण आधी. शेवटचा फ्लेक्स महापौर म्हणूनच लागला पाहिजे, क्रम चुकता कामा नये.

आता मोठा आक्षेप. वल्लभभाई पटेल 1924 ते 1928 अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि पाणी, गटारे, स्वच्छता यांत खरोखर लक्ष घालत होते. नेहरू 1923 पासून अलाहाबादेत नगराध्यक्ष होते. मग काम करूनही माणूस दिल्लीला पोहोचतोच ना? पोहोचतो की. पण वाटेत त्यांना तुरुंग लागले. आजच्या इच्छुकाला त्यापेक्षा पालिकेची पायरी सोपी, म्हणून तो मार्ग अभ्यासक्रमात ठेवलेला नाही.

खरी अडचण जॉर्ज फर्नांडिसांची आहे. महापौरपद नाही. 1961 पासून मुंबईत साधे नगरसेवक. 1967 ला त्यांनी दक्षिण मुंबईत कोणाला पाडावे? त्याच स. का. पाटलांना, तेही रेल्वेमंत्री असताना. पुढे 1989 ला रेल्वे खाते जॉर्ज यांच्याकडेच आले. यावरून खुर्चीचे महत्त्व कमी होत नाही, फक्त धोका कुठून येतो ते कळते. तेव्हा दिल्लीची गाडी पकडण्यापूर्वी आपला वॉर्ड कोणाच्या हाती जातो आहे, ते पाहून घ्यावे. शक्यतो घरातच ठेवावा. महिला राखीव पडला तर सौ. आहेतच.