पाणी मुरतंय कुठे?

खंडाळा म्हटलं की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याचं धुकं येतं. आमचा खंडाळा तो नव्हे. आमचा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकीच्या पायथ्याचा, पर्जन्यछायेतला. पाऊस महाबळेश्वरात पडतो, आम्ही बातम्या वाचतो. शिरवळला एमआयडीसी आली, तिच्यामागून अपार्टमेंटं आली आणि कुण्या बिल्डरला वाटलं, पुण्याच्या भावाने फ्लॅट खपवायचा तर न्हाणीत बाथटब हवाच.

टब भरायला २०० लिटर पाणी सहज लागतं. जलजीवन मिशनच्या हिशेबात खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर. एकजण टबात पहुडला की जवळजवळ चौघांचा दिवस वाहून गेला! म्हणून त्यात कुणी डुंबलंच नाही. पाणी येईल त्या दिवशी टब काठोकाठ भरायचा, वर फळी टाकायची, असा रिवाज पडला. मग एप्रिलात खालच्यांच्या छतातून ठिबक सिंचन सुरू झालं. तेही विनाअनुदान.

निदानाला सगळी सोसायटी धावली. चेअरमन म्हणाले, स्लॅबच कच्चा. वास्तुवाल्यांनी नैऋत्येकडे बोट दाखवलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका म्हणाले, एवढी गळती आम्ही अंदाजपत्रकातच धरायचो. कुणीतरी कडेने सिलिकॉन फासून घेतलं, छत पूर्ववत ठिबकत राहिलं. आदर्श उपविधींप्रमाणे संडास-न्हाणीतली गळती सभासदाने निस्तरायची, पावसाची सोसायटीने. हे वाचून दाखवताच वरच्या मजल्याने जाहीर केलं की ही गळती पावसाचीच आहे. बांधकामातला दोष ताब्यापासून ५ वर्षांत कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करावा, असं रेरा कायदा सांगतो. पण आमचा बिल्डर फोन लावावा तेव्हा खंबाटकीच्या बोगद्यात असतो. तिथे म्हणे रेंज नाही.

शेवटी लोणंदहून प्लंबर आला. त्याने मत दिलं नाही, हीच त्याच्याविषयीची पहिली तक्रार. आधी त्याने टब एक दिवस कोरडा ठेवायला लावला. ठिबकणं थांबलं, म्हणजे नळाची लाईन निर्दोष. मग ओव्हरफ्लोच्या भोकाखाली राहील एवढं पाणी भरलं, पातळीवर चिकटपट्टी लावली आणि तो घरी गेला. सकाळी पाणी पट्टीच्या खाली. शॉवर बंद, बूच घट्ट, तरी उभं पाणी उतरतंय. म्हणजे भिंतीच्या फरश्या संशयातून सुटल्या, ट्रॅपही सुटला. उरली टबाची चीर किंवा तळाच्या जाळीचा सांधा. बाजूची फरशी काढून त्याने जाळीपाशी हळदीचं पाणी सोडलं. वेस्ट कपलिंगच्या नटावरून पिवळा थेंब ओघळला. आतला रबरी वायसर कडक होऊन चिरला होता. नवा बसवला, नट आवळला, पट्टीची परीक्षा पुन्हा घेतली. पाणी जागचं हललं नाही.

एवढ्याशा वायसरसाठी आपण इतक्या सभा घेतल्या, हे चेअरमनना बरंच लागलं. स्लॅब कच्चा असता तर शोभलं असतं. इतिवृत्तात ‘समितीच्या अथक पाठपुराव्याने गळती आटोक्यात’ अशी नोंद झाली. छताला रंग कुणी द्यायचा ते ठरायचंय. एशियन पेंट्सचा कारखाना तालुक्यातच असला तरी डबा कुणी आणायला तयार नाही. प्लंबरची मजुरी वरच्यांनी कुरकुरत दिली. सभांमधल्या चहा-भज्यांचं बिल मात्र मजुरीहून मोठं निघालं आहे. ते दुरुस्ती निधीत टाकावं की सिंकिंग फंडात, यासाठी विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लिफ्टशेजारी लागली आहे. अल्पोपाहाराची सोय आहे.