घरातला तलाठी

वऱ्हाडात इंटरनेट आलं तेही समारंभाने, आणि त्याची भीती आली तीही ठराव करून. 2016 साली मेळघाटातलं, धारणी तालुक्यातलं हरिसाल हे देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्ट आली, पाहुणे आले, फोटो निघाले. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी त्याच गावाचे व्हिडिओ सभेच्या पडद्यावर लावले आणि डिजिटल कुठाय म्हणून विचारलं. हरिसालपर्यंत नेट किती पोचलं यावर वाद राहिला. नेटवर हरिसाल मात्र व्यवस्थित पोचलं.

मग नोव्हेंबर 2022. आमच्याच अमरावती विभागात, पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं ठराव घेतला की अठरा वर्षांखालच्या पोरांना मोबाइल बंद. त्याच वर्षी सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला होता, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला. (आमच्या मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला गावंच्या गावं बसवली, ती भोंग्याशिवाय. असो.) अकोल्या-अमरावतीच्या पालकांनी दोन्ही बातम्या एकमेकांना तत्परतेने फॉरवर्ड केल्या.

मला बान्सीचा ठराव मनापासून पटतो. फक्त तो खरिपात लागू करता येत नाही.

कारण 2021 पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्यानंच करायची आहे. ॲप उघडा, गट निवडा, पेरा भरा, वावरात उभं राहून फोटो काढा. सातबाऱ्यावर कपाशी चढली नाही तर सीसीआयच्या केंद्रावर तुमचा कापूस कापूस नसतो. 2025 च्या हंगामात त्यात 'कपास किसान' ॲपची भर पडली. हे सगळं घरात करतं कोण? आठवीतलं पोट्टं.

"दिवसभर त्या मोबाइलात तोंड घालून बसते! ठेव म्हटलं ना तुले!"

"ठेवतो ना बाबा. पण तुमचा ओटीपी येऊन राह्यला."

"मंग आधी तेवढं करून घे अन् मंग ठेव."

पोट्टं काही फुकट राबत नाही. सेतूवाला रोख घेतो, हे अर्ध्या तासाच्या गेमवर तडजोड करते. मायच्या लाडक्या बहिणीच्या केवायसीला तर मायचा ओटीपी लागला आणि बापाचाही. तेव्हा साहेबांनी दर एक तास लावला आणि घरानं तो निमूट मान्य केला. गावच्या तलाठ्याला निदान वरचा साहेब असतो. घरातल्या तलाठ्याच्या वर कोणी नाही, कारण बापाच्या फोनचा पॅटर्न त्यालाच ठाऊक. बाप सहा महिन्यांपासून स्वतःच्या फोनमध्ये पोराच्या परवानगीने शिरतो.

ऑस्ट्रेलियानं 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडिया बंद केला, तेव्हा पारावर एकानं विचारलं, आपल्याकडे कायले नाही जमत बाप्पा? जमेल कसं? तिकडच्या बापाला तुरीचा फोटो अपलोड करायचा नसतो.

तरी मार्ग आहे. ठरावात एक पोटकलम टाकावं: अठरा वर्षांखालील व्यक्तीस मोबाइल वापरण्यास मनाई राहील, मात्र पीक पाहणी, पीकविमा, केवायसी, गॅसचा नंबर लावणे, शाळेच्या ग्रुपवरचा गृहपाठ, आजीचं कीर्तन लावून देणे आणि मामाला व्हिडिओ कॉल जोडणे ही कामे मोबाइल वापरात धरली जाणार नाहीत. उरलेल्या वेळात, म्हणजे साधारण रात्री अकरानंतर, पोरानं मैदानावर जाऊन खेळावं.

आणि हेही कायमचं नाही. पोट्टं हुशार निघालं तर दहावी होताच अकोल्याला नीटच्या क्लासला जाते, नाही निघालं तर अठरा होताच कामाच्या शोधात पुण्याला. घरात मग मोबाइलला वयानं पात्र अशी दोनच माणसं उरतात, माय आणि बाप. पासवर्ड दोघांनाही माहीत नाही.