माउंट एअरीच्या गल्लीतून
माउंट एअरी, फिलाडेल्फिया
फेब्रुवारीअखेरचा रविवार

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर देणं शक्य नव्हतं. तू स्पीकर लावून बोलतेस, तुझ्यामागे आत्या श्वास रोखून उभी असते आणि माझ्यामागे जावईबापू असतात. त्यांना आता बरंच मराठी कळतं, त्यांच्याविषयी असलेलं तर जास्तच. म्हणून हे पत्र.

“तिथले शेजारीपाजारी तुम्हाला सामावून घेतात का गं, की नुसते बघत राहतात?” असं तू विचारलंस. आई, कुणी बघतच नाही, हीच तर माझी तक्रार आहे! सांगलीत आम्ही विश्रामबागेतून गणपतीच्या देवळात गेलो तेव्हा अर्ध्या गावाने यांना डोळे भरून पाहून घेतलं होतं. एका आजोबांनी रिक्षा थांबवून ‘वेस्ट इंडीजकडून खेळता का’ म्हणून चौकशी केली होती. त्यांना इतिहासाचे मास्तर आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा ते बिचारे खरोखर खट्टू झाले. इथे आमची वरात, म्हणजे एक काळा बाप, एक सावळी आई आणि कुरळ्या केसांची दोन पोरं, रस्त्याने चालली तर लोक प्रेमाने हसतात आणि हवेबद्दल बोलतात. मनात केवढे प्रश्न असतील! पण विचारणं म्हणजे असभ्यपणा, असं त्यांनी ठरवून टाकलंय. कधी कधी वाटतं, आत्याला महिनाभर इथे आणून ठेवावं, म्हणजे सगळ्या गल्लीची सुटका होईल.

हे असं का, तेही जावईबापूंनी मला समजावलं. (ते तास घेतात, घंटा कुणी देत नाही.) १९५० च्या सुमारास काळी कुटुंबं या भागात घरं घेऊ लागली. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत तेव्हा दलालांचा एक धंदाच होता. गोऱ्या घरमालकांना घाबरवायचं, ‘काळे आले, आता भाव कोसळणार, लवकर विका’ म्हणायचं, घर पडत्या भावात घ्यायचं आणि काळ्या गिऱ्हाइकाला चढ्या भावात विकायचं. वस्त्याच्या वस्त्या अशा उलट्यापालट्या झाल्या. आमच्या पश्चिम माउंट एअरीत मात्र चर्च आणि सिनेगॉगची मंडळी एकत्र बसली आणि ‘आपण पळायचं नाही’ असं ठरवलं. १९५९ मध्ये त्यांनी रीतसर ‘वेस्ट माउंट एअरी नेबर्स’ नावाची संस्था काढली. मिश्र वस्ती ठरवून टिकवणाऱ्या देशातल्या अगदी थोड्या जागांत या वस्तीचं नाव घेतात. त्यामुळे इथे आमच्यासारखं कुटुंब राहायला आलं की लोकांना आनंद होतो, पण तो आनंद दिसू नये म्हणून त्यांना फार कष्ट पडतात.

अंगणाअंगणांत पाट्या आहेत. ‘तुम्ही कुठूनही आलेले असा, तुम्ही आमचे शेजारी आहात याचा आम्हाला आनंद आहे’, असं इंग्रजी, स्पॅनिश आणि अरबी अशा तीन भाषांत लिहिलेलं. पहिल्या आठवड्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता ‘मराठीने काय घोडं मारलंय’ एवढंच मनात येतं.

दिवाळीची गंमत तुला अर्धीच सांगितली होती. दारापासून फाटकापर्यंत मी ठिपक्यांची रांगोळी घातली आणि थोडी बाहेर फुटपाथवरही वाढवली. आता रांगोळी म्हणजे यायचं, जायचं, थोडी पुसायची. पण इथल्या माणसांना कुणाच्या संस्कृतीवर पाय पडण्याची भयंकर भीती! सकाळपासून सगळी गल्ली आमच्या घराशी आली की फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरायची. बाबागाडीवाली आई उतरली, काठीवाले आजोबा उतरले. पोस्टमन तर कुंपणाला वळसा घालून, हिरवळ तुडवत, गुलाबाचं झाड मोडून पेटीपर्यंत पोहोचला आणि वर ‘फार सुंदर आहे’ म्हणाला. शेवटी सासूबाई आल्या. त्या बोलत बोलत सरळ रांगोळीवरून चालत आल्या, बुटाला लागलेला गुलाबी रंग पायपुसण्याला पुसला आणि ‘चहा आहे का’ म्हणाल्या. तेव्हा मला पहिल्यांदा दिवाळी आल्यासारखी वाटली.

सासूबाईंचं घर जर्मनटाउन अॅव्हेन्यूच्या पलीकडे, पूर्व माउंट एअरीत. तो रस्ता म्हणजे दोन्ही माउंट एअरींमधली सीमा. पलीकडे मुख्यतः काळी मध्यमवर्गीय वस्ती आहे: शिक्षक, नर्स, पोस्टातले, सरकारी नोकरीतले. सासूबाईंच्या मते पश्चिमेकडची माणसं चांगली आहेत, पण ‘त्यांना चांगलं असल्याचं जरा जास्तच कळतं’. मुलगा रस्ता ओलांडून तिकडे राहायला गेला हे त्यांना अजून पचलेलं नाही. मराठी मुलीशी लग्न केलं ते मात्र महिनाभरात पचलं होतं.

उन्हाळ्यात गल्लीची जत्रा झाली, तिचे फोटो तू पाहिलेस. इथे एक दिवस रस्ता बंद करून शेजारी मांडव घातल्यासारखे बाहेर बसतात, मुलं मधोमध सायकली चालवतात. त्यासाठी नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो आणि गल्लीतल्या ७५ टक्के घरांच्या सह्या लागतात. सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नवी आणि नाही म्हणता न येणारी. आई, त्या कागदाने जे केलं ते पाट्यांनी केलं नव्हतं. हातात अर्ज असला की लोकांना बोलायला निमित्त मिळतं. कुणी सही करता करता सांगितलं की तिची बायको कोरियाची आहे. कुणी विचारलं, आमच्या धाकटीच्या केसांना काय लावता? कोपऱ्यावरच्या आजींनी मला आत बसवलं. त्या साठच्या दशकात नवऱ्याबरोबर इथे आलेल्या, या रस्त्यावरच्या पहिल्या काळ्या कुटुंबांपैकी. मी म्हटलं, तुम्हाला किती दडपण आलं असेल, लोक स्वीकारतील की नाही. त्या म्हणाल्या, “दडपण त्यांना होतं. मी घर बघायला आले होते, शेजारीही बघून घेतले. पसंत पडले म्हणून घर घेतलं.” मग त्यांनी सही केली आणि आमची कचऱ्याची बादली रस्त्यावर वेळेआधी येते हेही सुनावलं.

जत्रेतल्या जेवणाचा मात्र धसका घेतला मी. प्रत्येक पदार्थासमोर चिठ्ठी लागते: यात दूध आहे, गहू नाही, मध आहे, मांस नाही. शेंगदाणा तर पूर्ण वर्ज्य, कारण दोन मुलांना त्याने खरोखर जिवाचा धोका आहे. त्यात कुणी थट्टा करू नये आणि मी करत नाही. पण सांगलीच्या मुलीने बिनशेंगदाण्याचं भडंग केलं, हे तुझ्या भिशीत कळू देऊ नकोस. वर ते संपलं! हळदीवरून तर मला आता गप्पच बसवतात. कोपऱ्यावरचं सहकारी दुकान, वीव्हर्स वे, १९७३ पासून चाललंय, सभासदच त्याचे मालक. तिथे मोकळी हळद तोलून घेताना एका सद्गृहस्थाने मला तिचे औषधी गुण सांगितले. सांगलीच्या मार्केट यार्डाच्या वासात वाढलेल्या मला!

आता केस. हा खरा विषय आहे, बाकी सगळं प्रस्तावना. तू पाठवलेलं खोबरेल तेल आणि सासूबाईंचं शिया बटर यांचं युद्ध तू व्हिडिओवर पाहतेसच, पण पडद्याबाहेरचं तुला दिसत नाही. शनिवारी दुपारी त्या येतात, धाकटीला दोन गुडघ्यांत धरतात, रुंद दातांचा कंगवा घेतात आणि केस ओले करून टोकाकडून मुळाकडे सोडवत जातात. मी पहिल्यांदा तुझ्या पद्धतीने मुळापासून फणी घातली तेव्हा त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली, एक शब्द न बोलता. मग भांग, मग बारीक वेण्या, रात्री साटीनची टोपी. दोन-तीन तास जातात, तेवढ्यात त्या मुलीला सगळ्या घराण्याचा इतिहास सांगून होतो. आणि मधेच तू फोनवरून ओरडतेस, “तेल चोळा, तेल!” आणि त्या म्हणतात, “काय म्हणतायत?” आणि मी सांगते, “तुमचं कौतुक करतेय.” हल्ली त्यांना शंका येते, कारण कौतुक करताना तू फार हातवारे करतेस. पण परवा त्यांनी स्वतःच खोबरेल मागितलं, टाळूपुरतं. तुझा विजय झाला असं समजू नकोस. तह झालाय.

एक बोलायचंच होतं. तू धाकटीसाठी वेगळं उटणं पाठवलंस, ‘रोज लाव, रंग उजळतो’ अशी चिठ्ठी घालून. सासूबाईंनी डबी उघडून वास घेतला आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. मी म्हटलं, दिवाळीसाठी. चिठ्ठी मी फाडून टाकली. आई, पुन्हा तसलं लिहू नकोस. मलाही लहानपणी तू साय-बेसन लावायचीस आणि मी सावळीच राहिले, तरी माझं काय अडलं? या घरात त्या मुलीला आरशात बघून आनंद होतो, तो तसाच राहू दे.

सगळं गोड आहे असंही नाही. माउंट एअरीबाहेरच्या बागेत मला मुलांची दाई समजतात आणि तासाचा दर विचारतात. गेल्या महिन्यात बर्फ पडला. बर्फ थांबल्यावर सहा तासांत घरासमोरचा फुटपाथ ३६ इंच रुंद साफ करायचा, असा इथला कायदा आहे. म्हणून जावईबापू फावडं घेऊन बाहेर होते. पलीकडच्या घरात नव्याने आलेल्या माणसाने गाडीची काच खाली केली आणि हे झालं की आमचंही कराल का, किती घेता, असं विचारलं. यांनी सांगितलं, “घराचा हप्ता तुम्ही भरणार असाल तर फुकट.” तो माणूस लाल झाला, संध्याकाळी केक घेऊन आला. केक बरा होता. पण त्या रात्री हे बराच वेळ गप्प होते आणि मोठ्याला त्यांनी अंधारात डोक्यावर जॅकेटची टोपी ओढून पळत जाऊ नकोस म्हणून पुन्हा बजावलं. तो दहा वर्षांचा आहे. गोऱ्या मित्रांना हे कुणी सांगत नाही, हे त्याला कळायला लागलंय.

आत्या अजून ‘आपल्यात असं कधी झालं नव्हतं’ म्हणते ना? तिला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांची आठवण दे. १९२८ साली त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन बाईंशी लग्न केलं, तिची शर्मिष्ठाबाई झाली. अमेरिकेची सून चालते, आणि जावई आला की घराण्याची आठवण होते का? आणि आम्ही कायद्याने किती जुने आहोत तेही सांग. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये अशा मिश्र लग्नांवर बंदी घालणारे कायदे रद्द केले, तेव्हा ते १६ राज्यांत उरले होते. पण पेनसिल्व्हेनियाने आपली बंदी १७८० मध्येच काढून टाकली होती. तेव्हा पुण्यात नाना फडणवीस कारभार बघत होते. हे मी जावईबापूंना सांगितलं, तर त्यांनी ते लगेच वर्गात शिकवलं. आता फिलाडेल्फियातली पंचवीस-तीस मुलं नानांचं नाव चुकीच्या उच्चारात घेतात.

मे महिन्यात तू येशील तेव्हाचं सामान: गोडा मसाला, कुळथाचं पीठ, भडंगाचे चुरमुरे. उटणं एकच आण, दिवाळीपुरतं. बाकी तुला इथे कुणी परकं वाटू देणार नाही, फार तर जपून वागवतील, ते तू सहन कर. सासूबाई मात्र जपणार नाहीत. त्यांनी जाहीर केलंय की पहिल्याच रविवारी तू त्यांच्याबरोबर चर्चला जायचं. प्रार्थना दोन-अडीच तास चालते, गाणी मोठ्याने, मधे मधे उठून उभं राहायचं, आणि त्यांच्या वयाच्या बायका मोठाल्या टोप्या घालून येतात. मी म्हटलं, आई साडी नेसते, डोक्यावर फार तर पदर घेईल. त्यांनी ऐकलं नाही. तुझ्या फोटोवरून माप काढून एक जांभळी, पिसांची टोपी त्यांनी दुकानात बाजूला काढून ठेवायला सांगितली आहे. तेव्हा येताना जांभळ्याला चालेल अशी साडी आण.

तुझी लाडकी,
बेबी

ता. क. हे पत्र आत्याला वाचून दाखवणारच असशील, तर उटण्याचा परिच्छेद गाळ, होळकरांचा दोनदा वाच.