दावीद राजाची वामकुक्षी

शब्बाथ शाळेत आम्हाला दावीद शिकवला तो गल्याथाला गोफणीने लोळवणारा. गच्चीवरचा दावीद कुणी शिकवला नाही. तो आम्ही मागच्या बाकावर बसून, मोठ्यांची प्रार्थना लांबलेली असताना, आपला आपण वाचला.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा 11वा अध्याय. राजांनी लढाईवर निघायचे दिवस. सैन्य गेलंय, राजा मात्र यरुशलेमात. संध्याकाळी बिछान्यातून उठतो आणि गच्चीवर येरझाऱ्या घालतो. संध्याकाळी! म्हणजे वामकुक्षी चांगलीच लांबलेली. वरून त्याला स्नान करणारी बथशेबा दिसते आणि बायबलात महाभारत सुरू होतं.

ती गरोदर राहते. तिचा नवरा उरीया हित्ती राजाच्याच सैन्यात. त्याला रणातून बोलावून एक रात्र घरी धाडायचं, की झालं, असा राजाचा बेत. पण उरीया सरळ माणूस. सोबती उघड्यावर झोपलेले असताना मी घरी कसा जाऊ, म्हणून तो राजवाड्याच्या दाराशीच पडतो. पुढे दारू पाजून पाहिली, तरी घरी गेला नाही. पिऊनही ज्याची शिस्त सुटत नाही त्याच्यापुढे राजा तरी काय करणार? शेवटी त्याला लढाईच्या तोंडी द्यायचा हुकूम सेनापती यवाबाला लिहिला आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिलं. इथे माझं हसू थांबतं.

मग नाथान संदेष्टा येतो. आमच्या नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी, त्यामुळे हा गडी मला घरचाच वाटतो. तो थेट बोलत नाही, आख्यान लावतो. श्रीमंताकडे मेंढरंच मेंढरं. गरिबाकडे एकच कोकरी, त्याच्या घासातलं खाणारी, कुशीत झोपणारी. श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्याने आपलं जनावर राखलं आणि गरिबाची कोकरी रांधली. दावीद खवळतो. असल्याला मारलाच पाहिजे, वर कोकरीची चौपट भरपाई! ही चौपट मला फार आवडते. निर्गमाच्या 22व्या अध्यायात चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरं द्यावीत, असा नियम आहे. शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ, व्यभिचार, खून अशा तीन आज्ञा एका दमात मोडणाऱ्याला मेंढराचा दर मात्र तोंडपाठ! तो श्रीमंत कोण, हे नाथानाने मूळ हिब्रूत अवघ्या दोन शब्दांत सांगितलं.

आमच्या पाळकसाहेबांनी यावर सुरेख प्रवचन केलं. मला फार पटलं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ऐकायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं. कुसळ-मुसळाचा दाखला आला तेव्हा तर मी कमिटीतल्या चौघांची नावं मनातल्या मनात घेऊन टाकली.

त्याच आठवड्यात सोसायटीत चोरी उघडकीला आली. तळमजल्यावरच्या काकूंकडे कढीपत्त्याची एकच कुंडी. लेकरासारखी वाढवलेली. ती कुणीतरी ओरबाडली. मी सभेत पेटून उठलो. चोराकडून चार कुंड्या वसूल करा म्हणालो. कॅमेरा बघायची सूचनाही माझीच.

पडद्यावर दुपारचे साडेचार. बनियन-लेंग्यातला एक गृहस्थ, कॅमेऱ्याकडे पाठ, जांभई देत येतो आणि कुंडीवर वाकतो.

"कोण हा टकल्या?" मी गरजलो.

सभा चिडीचूप.

आता माणूस आपलं टक्कल मागून कधी पाहतो का? शिवाय मी चोरी केलीच नव्हती. घरी पाहुणे आले होते, पोह्यांना फोडणी द्यायची होती आणि आमच्या गॅलरीतल्या दोन्ही कुंड्यांना नुकती कोवळी पालवी फुटली होती. ती तोडवेना. म्हणून खालून चार पानं घेतली. चोर शोधायच्या भरात ती चार पानं मला आठवलीसुद्धा नाहीत.

शेवटी बायको बोलली. तिला हिब्रू येत नाही, पण तिनेही दोन शब्दांतच भागवलं.

"अहो, तुम्हीच."

दावीदाने अशा वेळी एका वाक्यात कबुली दिली. 51वं स्तोत्र त्या प्रसंगाचं मानतात. त्यात तो शुद्ध हृदय मागतो. आणि पहिल्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात बथशेबेपासून झालेल्या त्याच्या मुलांची यादी आहे, त्यात एकाचं नाव चक्क नाथान! तोंडावर वाभाडे काढणाऱ्याचं नाव घरात रोज हाका मारायला ठेवायचं, म्हणजे राजाची छाती मोठीच. मी काय केलं? कॅमेऱ्याचा कोन चुकलाय म्हणालो.

काकूंच्या दारात आता पाच कुंड्या ओळीने उभ्या आहेत. दुपारची झोप झाली की मी गॅलरीत येतो, खाली नजर टाकतो. पालवी झकास आलीय. तेवढ्यात आतून हाक येते, "अहो, आत या बघू आधी."