वरनं दुसरं, खालनं तिसरं

गेल्या पाच वर्षांत ज्यांनी रस्त्यात ओळख दाखवली नाही, त्यांना अचानक आपल्या सुनेचं कितवं बाळंतपण आहे, आपली म्हैस किती दिवसांची गाभण आहे आणि थोरल्याची पुण्यात कुठल्या कंपनीत रात्रपाळी आहे हे सगळं तोंडपाठ झालं, की समजावं: ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली.

मागच्या खेपेला राज्यातल्या चौदा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींची निवडणूक एकदमच लागली होती. मतदान होतं १५ जानेवारी २०२१ ला. म्हणजे या गावांच्या कारभाऱ्यांची पाच वर्षं भरली. आयोगाचा कार्यक्रम यायचा तेव्हा येईल, पॅनेलांचा कधीच सुरू झालाय. आणि मतदारांकडून तयारी करून घेण्यात आपल्या पॅनेलप्रमुखांचा हात धरणारा कुणी नाही. एवढी मेहनत मास्तरांनी दहावीच्या पोरांवर घेतली असती तर गावात निम्मे कलेक्टर निघाले असते.

या शिकवणीचं मुख्य साहित्य म्हणजे डमी मशीन. पुठ्ठ्याचं नाहीतर प्लायवूडचं खोकं, आत सेल आणि बझर. बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि पीऽऽप वाजतं. परवा आमच्या आळीत एक पोरगं ते घेऊन ओट्यावरच्या आजीपुढं बसलं होतं. "आज्जे, हे बघ, वरनं दुसरं. मग हितं खालनं तिसरं. आन् सरपंचाचं ह्ये." आजीनं तिन्ही दाबली, तिन्ही वाजली. पोरगं खूश. आजीनं चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाली, "आन् ह्या बाकीच्या ओळी कोऱ्या का रं? तिथं कोण हुबं हाय?"

पोरानं मशीन पिशवीत घातलं. "त्ये तुला दुसरी पार्टी दावंल की."

तरीही बटणांची शिकवणी वाया जात नाही, कारण एका माणसानं एकूण किती मतं द्यायची हे पारावर विचारून बघा, पाच जणांकडून सहा उत्तरं मिळतील. एका प्रभागातून दोन नाहीतर तीन सदस्य निवडायचे असतात, प्रत्येक जागेचं मत वेगळं. वर सरपंचाचं एक. हे वरचं मत २०२१ ला नव्हतं. सरपंच थेट लोकांतून निवडायचा, असं २०१७ ला ठरलं. २०२० ला नव्या सरकारनं ते मोडीत काढलं आणि २०२२ ला त्याच्या पुढच्या सरकारनं पुन्हा आणलं. मुंबईत खुर्ची हलली की आमच्या शाळेच्या खोलीतलं मशीन बदलतं. २०२१ ला तर सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतही निकालानंतर निघाली. गुलाल उधळून, घसा बसवून, डीजेचे पैसे चुकते करून झाल्यावर काही गावांना कळलं की ज्या प्रवर्गाचा सरपंच हवा, त्या प्रवर्गाचा माणूस समोरच्या पॅनेलमधून निवडून आलाय. त्या रात्री त्याला दोन्ही पॅनेलांकडून जेवणाचं निमंत्रण होतं.

तर यंदा मतं तीन किंवा चार. जागेच्या प्रवर्गाप्रमाणे कागदाचा रंग वेगळा आणि प्रत्येक जागेला 'नोटा' वेगळा. सगळ्या जागांची बटणं दाबून झाली की मगच ती लांब शिट्टी वाजते, त्याआधी पडद्यामागून पळायचं नाही. आणि डमी मशीनवाला जे मेला तरी सांगणार नाही ते असं, की चारही मतं एकाच पॅनेलला द्यावीत असा कुठलाही कायदा नाही. सदस्य या पॅनेलचा बरा वाटला, सरपंच त्या पॅनेलचा, तर तसं मोडून देता येतं. गावात याला 'क्रॉस मारणं' म्हणतात. मारल्याचा नुसता संशय आला तरी भावकीत दोन पिढ्या बोलणं बंद होतं, इतका तो अधिकार मोलाचा आहे.

आता यादीकडे वळू, कारण बटणं कितीही पाठ असली तरी यादीत नाव नसेल तर काय वाजवणार? आपल्याकडे यादी बघायचा मुहूर्त म्हणजे मतदानाच्या दिवशी सकाळी साडेदहा. मग केंद्राबाहेरच्या टेबलावर आरडाओरडा, मग "माझं नाव मुद्दाम उडवलं", मग तहसीलदारांना फोन. तहसीलदार त्या दिवशी कुणाचाही फोन उचलत नाहीत.

साधी गोष्ट आहे. राज्य निवडणूक आयोग नावनोंदणीची स्वतःची वेगळी यादी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी उचलायची आणि तिचे प्रभागवार तुकडे करायचे, एवढंच काम. त्यामुळे विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर ग्रामपंचायतीच्या यादीत ते उगवणार नाही, मग तुमचे पणजोबा गावचे पाटील असले तरी. प्रारूप यादी फलकावर लागते तेव्हा तक्रार करायची ती एवढीच, की माझं नाव तीन नंबरच्या प्रभागाऐवजी एकमध्ये गेलंय किंवा विधानसभेच्या यादीत असून इथं गाळलं गेलंय. नवीन नावासाठी फॉर्म ६, मयताचं किंवा गाव सोडून गेलेल्याचं काढायला ७, पत्ता आणि चुका दुरुस्त करायला ८. अठरा पूर्ण झालेल्या पोरांना पूर्वी वर्षाची एक जानेवारी गाठावी लागायची. आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चारही महिन्यांची एक तारीख चालते. शंका असेल तर १९५० हा नंबर फुकट आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला फोटो अर्ध्या तासात सापडतो, फॉर्म ६ ला लावायला सापडत नाही, हा आमच्या तरुण मंडळांचा जुना आजार.

फॉर्म ७ मात्र गावात कुणी भरत नाही. त्यामुळे वारलेले आजोबा यादीत ठणठणीत असतात, आणि काही गावांत तर मतदानही चुकवत नाहीत. सासरी गेलेली पोर माहेरच्या यादीतही नांदते. तुम्ही केंद्रावर जाईपर्यंत तुमचं मत 'होऊन' गेलं असेल तर शिव्या देत घरी येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागायची. ओळख पटली तर द्यावीच लागते. ते मत एरवी मोजलं जात नाही, पण दोन-चार मतांनी निकाल लागून प्रकरण कोर्टात गेलं की त्या मतपत्रिकेला भलता भाव येतो. आणि ग्रामपंचायतीत दोन-चार मतांनीच निकाल लागतात. ईश्वरचिठ्ठीनंही लागतात.

दुसरी जमात पुण्या-मुंबईच्या मतदारांची. नाव तिकडेही, इकडेही. कायद्यानं एकाच ठिकाणी असावं, हे त्यांना ठाऊक असतं. गावात मात्र घरपट्टीपुरतं उरलेलं त्यांचं महत्त्व पाच वर्षांतून एकदा टेम्पो ट्रॅव्हलरच्या पुढच्या सीटवर येऊन बसतं. जायची-यायची गाडी, वाटेत मिसळ, रात्री ढाबा. गावात आल्यावर पहिला प्रश्न, "नळाला पाणी किती वाजता येतं?" ज्याला हे विचारावं लागतं तो पुढची पाच वर्षं पाणी कुणी सोडायचं ते ठरवून रविवारी रात्री परत जातो. मागच्या वर्षी आयोगानं अशा संभाव्य दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापायला सुरुवात केली. तारा कुणाला नको असतो? एकानं तर ते पान फोटो काढून स्टेटसला ठेवलं.

जेवणावळींवर आपण नेहमी घसरतो, पण कायदाही रसिक आहे. मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघंही गुन्हेगार, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. लाच खाण्यापिण्याच्या रूपात दिली असेल तर मात्र नुसता दंड. पाकिटाला तुरुंग, पातेल्याला दंड. हा फरक आमच्या आचाऱ्यांना इंग्रजांच्या काळापासून माहीत असावा. आणि बेल-भंडारा उचलायला लावणं? पाकीट हातात ठेवायचं आणि देवापुढे शपथ घ्यायला लावायची, ही पद्धत ज्यांना फार पक्की वाटते त्यांच्यासाठी: देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं हाही गुन्हाच. अशा जबरदस्तीच्या शपथेचं काय करायचं ते देवाचं देव बघेल. मशीनच्या आड मात्र ना पॅनेलप्रमुख असतो, ना भंडारा.

काही गावं तर एवढीही दगदग करत नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला, बोली दोन कोटींच्या वर गेली. नंदुरबारच्या खोंडामळीतही तसाच प्रकार. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. पैसे मंदिराला देणार होते म्हणे. दोन कोटी टाकणारा माणूस ते कुठून वसूल करणार होता, हा प्रश्न बोली ऐकणाऱ्या गर्दीत एकालाही पडला नसेल असं नाही. पण गर्दीत प्रश्न विचारला की बोली लावावी लागते.

निम्म्या जागा बायकांच्या, हे राज्यात २०११ पासून आहे. फ्लेक्सवर सौ. उमेदवारांचा फोटो पासपोर्ट आकाराचा आणि यजमानांचा हात जोडलेला पूर्णाकृती. प्रचारात बोलतात ते, खर्चावर सही तिची. मतदारानं एक बारीक तयारी करावी. कोपरा सभेत हात वर करून म्हणावं, "वहिनी, गटाराचं काय करणार ते तुम्हीच सांगा." वहिनी बोलल्या तर उत्तम. "त्यांच्या वतीनं मी सांगतो" असं शेजारून आलं, तर उत्तर मिळालंच.

उमेदवारांची तयारीही बघण्यासारखी असते. अर्ज भरायच्या आठवड्यात ग्रामपंचायतीची वसुली एकदम चढते. थकबाकीदाराला उभं राहता येत नाही, म्हणून पाच-पाच वर्षांची घरपट्टी, पाणीपट्टी एका दमात भरली जाते आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या पावतीपुस्तकाचा कार्बन पार पांढरा पडतो. शौचालय वापरत असल्याचं प्रमाणपत्रही लागतं. ज्याच्या शौचालयात गेली चार वर्षं कडब्याच्या पेंढ्या होत्या त्यानं त्या कुठं हलवल्या, हे बघायला सकाळी एक चक्कर मारावी.

पण सगळ्यात मोठी शाळा तुमच्या खिशात आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा २०२०-२१ ते २०२५-२६ या काळातला, म्हणजे बराचसा मावळत्या कारभाऱ्यांच्या हातून गेलेला. त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिलेला, उरलेला गावाच्या गरजेप्रमाणे. कुठल्या कामाला किती ठरले, किती निघाले, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही बघता येतं. लॉगिन लागत नाही, सरपंचाची चिठ्ठी लागत नाही. ज्या मोबाइलवर दिवसभर 'आपला माणूस, हक्काचा माणूस'चे व्हिडिओ येतात, त्याच मोबाइलवर आपल्या गावाचं नाव टाका. मग यादी घेऊन बाहेर पडा. पेव्हर ब्लॉक कागदावर मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंत असतील आणि जमिनीवर सदस्याच्या अंगणापर्यंत. शोषखड्डे सापडले तर मोजा. पोर्टलवर नीट कळलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज टाका.

हेच ग्रामसभेत विचारता आलं असतं म्हणाल, तर वर्षाला निदान चार सभा व्हायला हव्यात, हे खरं. गणपूर्ती लागते मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. ही अट नसल्याचा शोध ज्या कारभाऱ्याला पहिल्यांदा लागला तो खरा दूरदृष्टीचा. पुढच्या बुधवारी शिपाई, ग्रामसेवक, दोन सदस्य आणि एक कुत्रं यांच्या साक्षीनं सगळे विषय मंजूर. सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघरी फिरतं. "कशावर सही?" असं विचारणाऱ्याला आमच्याकडे किरकिऱ्या म्हणतात.

निकालाच्या दुपारी मग खरी मजा. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. लोक कपबशी, छत्री आणि शिट्टीला मत देऊन घरी गेलेले असतात. संध्याकाळी टीव्हीवर प्रत्येक पक्षाचा प्रवक्ता सांगतो की सर्वाधिक ग्रामपंचायती आमच्याच. सगळ्यांचे आकडे बेरजेला घेतले तर राज्यात तेवढी गावंच नाहीत. नवा सरपंच तोवर तालुक्याला पोचलेला असतो. दुपारी एका नेत्याच्या बंगल्यावर हार, सहा वाजता दुसऱ्याच्या फार्महाउसवर शाल. दोन्ही फोटोंत शर्ट तोच, गुलालही तोच.