झोपमास्तर

अपत्य पाच महिन्यांचे होण्याच्या सुमारास मराठी मध्यमवर्गीय पित्यामध्ये जो पालट घडून येतो आणि ज्यामुळे एरवी गॅसचा नंबर लावण्याची आठवण न राहणारा हा गृहस्थ एकाएकी मिनिटांचा हिशेब मांडू लागतो, त्या पालटातून सिद्ध होणाऱ्या प्रकृतीला सोयीसाठी 'झोपमास्तर' हे नाव देता येईल. झोपमास्तराची दाट वस्ती दादरपासून डहाणू रोडपर्यंतच्या लोहमार्गालगत असली, तरी शिक्षक, ग्रामसेवक किंवा बँक कर्मचारी या नात्याने बदली होऊन तो तलासरी तालुक्यातील झरीसारख्या गावातही येऊन पडतो, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तो तेथेच अधिक पारखून घेण्याजोगा असतो, कारण त्याच्या प्रयोगाला लागणारी एकही सोय तेथे उपलब्ध नसते.

ही प्रकृती नेमकी याच वेळी का उद्भवते, याला कायद्याचे आणि निसर्गाचे असे दुहेरी कारण आहे. 2017 मधील दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, म्हणजे मूल सहा महिन्यांचे होते तेव्हाच त्याच्या आईला पुन्हा सकाळची गाडी पकडावी लागते. आणि मुलाला स्वतःहून झोपी जाण्याची सवय लावण्यास चार ते सहा महिन्यांच्या पुढचेच वय योग्य, असे यातले जाणकारही सांगतात. त्याआधी प्रयत्न करण्यात अर्थ नसतो, कारण नवजात बालकाला रात्र आणि दिवस यांतील फरक शरीराने कळू लागण्यास पहिले दोन-तीन महिने जातात. शिवाय बाळाचे निद्राचक्र, म्हणजे गाढ आणि हलक्या झोपेचा एक फेरा, मोठ्यांप्रमाणे दीड तासाचा नसून जेमतेम तासाभराचा असतो, आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ते किंचित जागे होऊन आपण ज्या अवस्थेत झोपलो होतो तीच अजून कायम आहे ना, याची जणू खातरजमा करून घेते. मांडीवर झोपलेल्या मुलाला मध्यरात्री मांडी सापडली नाही, तर ते रडून तिची मागणी नोंदवते. शास्त्र या सांगडीला निद्रासाहचर्य म्हणते. झोपमास्तर तिला घरातल्यांची चूक म्हणतो.

त्याची पद्धत बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉक्टर रिचर्ड फर्बर यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. मूल झोपाळलेले परंतु जागे असताना अंथरुणावर ठेवून बाहेर पडायचे, ते रडू लागल्यास पहिल्या रात्री तीन, नंतर पाच, मग दहा मिनिटांनी आत जाऊन न उचलता धीर द्यायचा आणि पुढच्या रात्रींत ही अंतरे वाढवीत न्यायची, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. मुलाला रडू द्यावे हे मत तसे जुनेच असून अमेरिकेतील डॉक्टर होल्ट यांनी ते 1894 मध्येच बालसंगोपनावरील पुस्तकात मांडले होते. फर्बर यांनी त्याला वेळापत्रक दिले, आणि वेळापत्रक म्हटले की झोपमास्तराला स्फुरण चढते. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून, दाराशी पाठ टेकून आणि ओठांवर बोट ठेवून तो उभा राहतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर परीक्षा केंद्रावरील भरारी पथकाच्या प्रमुखाचा भाव असतो. दोन मिनिटे पन्नास सेकंदांनी मूल स्वतःच गप्प झाले, तरी राहिलेले दहा सेकंद पुरे झाल्याखेरीज त्याला समाधान लाभत नाही, आणि ते पुरे होताच खात्री करून घेण्यासाठी दार लोटून तो मुलाला पुन्हा जागे करतो.

झरीतील त्याचे भाड्याचे घर मात्र या पद्धतीला अनुकूल नसते. तिच्यासाठी स्वतंत्र, अंधारी आणि शांत खोली हवी. येथे दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत पोहोचलेलीच नसते, त्यामुळे आतले रडणे भिंतीवरून ओसंडून स्वयंपाकघरात आणि तेथून शेजारच्या ओटीवर जाते. पाश्चात्त्य घरांत मुलाच्या उशाशी पावसाच्या आवाजाचे यंत्र लावतात. जून ते सप्टेंबर या काळात झरीच्या पत्र्यांवर तो आवाज फुकट आणि इतका मुबलक मिळतो, की बापाला आपले स्टॉपवॉचही ऐकू येत नाही. पाहायला आलेली प्रत्येक शेजारीण आढ्याकडे बघते आणि झोळी कुठे बांधली, असे विचारते. झोळी म्हणजे जुन्या लुगड्याची किंवा साडीची दोन टोके दोरीने वाशाला बांधून केलेला खोलगट पाळणा. कापड मुलाच्या तोंडावर मिटू नये म्हणून वरच्या बाजूस एक आडवी काठी घालतात, आणि तिला दुसरी लांब दोरी लावून चुलीशी बसलेली बाई भाकरी थापता थापता पायाच्या अंगठ्याने झोका देत राहते. झोपमास्तराच्या लेखी हा निद्रासाहचर्याचा मूर्तिमंत नमुना असल्याने तो झोळीला बंदी घालतो, आणि दुपारी तो कचेरीत गेला की ती बांधली जाते.

ती बांधणारी व्यक्ती म्हणजे त्याची आई. पहिली रात्र ती देव्हाऱ्यापुढे काढते, दुसऱ्या रात्री मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते, आणि तिसऱ्या रात्री, "रडून रडून लेकराचा घसा बसला, तर तुझं घड्याळ काय करणार आहे रे?" असे विचारून चाळिसाव्या मिनिटाला नातवाला उचलते. हा क्षण शास्त्रीयदृष्ट्या फार महत्त्वाचा आहे. ज्या वर्तनाला फळ मिळेनासे होते ते हळूहळू मावळते, या क्रियेला मानसशास्त्रात विलोपन म्हणतात. मात्र मावळण्यापूर्वी ते वर्तन एकदा उसळी घेते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीचे रडणे पहिल्या रात्रीपेक्षा मोठे असते ते याचमुळे. नेमक्या त्या उसळीच्या टोकावर आजी अवतरली, तर मूल एवढेच शिकते की तीन मिनिटे रडून काही होत नसले तरी चाळीस मिनिटांनी होते. कधी मिळणारे आणि कधी न मिळणारे फळ, ज्याला स्किनर यांच्या परंपरेत आंतरायिक प्रबलन म्हणतात, ते सवय मोडण्याऐवजी तिला चिवट करते. जुगाराच्या यंत्रापुढून जुगारी उठत नाही तो याच तत्त्वाने. नातवाच्या हाती असे यंत्र देऊन आजी मात्र निश्चिंतपणे झोपी जाते.

म्हणूनच ही शिस्त किती दिवसांत लागते, या प्रश्नाला मुलाकडे पाहून उत्तर देता येत नाही. सर्व मोठी माणसे एकमताने वागली, तर बहुतेक मुले आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत सरावतात. 2016 साली ऑस्ट्रेलियात 43 बाळांवर झालेल्या अभ्यासात या पद्धतीने मुले लवकर झोपू लागल्याचे आणि ताणाची किंवा आईपासून दुरावल्याची खूण वर्षभरानंतरही न आढळल्याचे दिसून आले. हा आकडा झोपमास्तराला मुखोद्गत असतो. त्या 43 घरांत आज्या किती होत्या, याची चौकशी तो करीत नाही. मूल एकटेच शिकत असते आणि बिघडवणारे चार असतात, आणि त्या चारांत झोपमास्तर स्वतःही मोडतो, कारण आजी गावी गेलेली असताना, सगळे शांत असताना, अकराव्या मिनिटाला आत जाऊन मुलाला खांद्यावर टाकणारा इसम दुसरा कोणी नसून तोच असतो. मिनिटांचा हिशेब मांडलेल्या त्याच्या वहीत मात्र त्या रात्रीची नोंद 'दात येत असावेत' अशी सापडते.

आपल्या रात्रीच्या जागरणाला वेठ म्हणण्याची त्याला एक वाईट खोड आहे. ज्या झरीत 23 मे 1945 रोजी हजारो वारली स्त्री-पुरुष जमले आणि किसान सभेच्या गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीला ठाम नकार द्यायचे ठरले, त्या गावात तरी हा शब्द जपून वापरायला हवा. शिवाय ते जागरण बहुतेक रात्री त्याची बायको करीत असते. भाताची कापणी आटोपल्यावर येथील कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा त्यांची तान्ही मुले बांबूच्या तिकाटण्याला टांगलेल्या झोळीत झोपतात, आणि तेथे त्यांनी एकटे झोपावे की नाही यावर मत देण्याची सवड कुणालाही नसते. बाळाच्या घरभेटीला येणारी आशाताईदेखील वजन, स्तनपान, वरचा आहार आणि लसीकरण यांचीच विचारपूस करते. झोपमास्तराने पुढे केलेली वही ती आदराने हातात घेते आणि तितक्याच आदराने परत देते.

एवढे करूनही मूल कधीतरी रात्रभर झोपू लागतेच. त्याचे श्रेय झोपमास्तर वेळापत्रकाला, आजी मीठ-मोहऱ्यांना आणि शेजारीण झोळीला देते, तर ज्या बाईची खरोखर झोप गेली होती तिला मत विचारण्याचे कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढे एक सर्दी-ताप किंवा आठवड्याची आजोळची वारी झाली, की सारे पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरू होते. आपल्या पुस्तकाच्या 2006 च्या सुधारित आवृत्तीत फर्बर यांनी स्वतःच आपली भूमिका सौम्य केली आणि मूल आईवडिलांजवळ झोपले तरी त्यात गैर नाही, हे मान्य केले. फोर्टच्या फूटपाथवर घासाघीस करून घेतलेली झोपमास्तराची प्रत 1985 सालची आहे.