घाटासाठी राखलेले घोडे

अमेरिकेत डिझेल पिकअपची ताकद आता कारखान्यात ठरत नाही. इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणारा तळहाताएवढा ट्यूनर जोडायचा आणि मोबाइलची रिंगटोन बदलावी तशी ती बदलायची. कंपनी मुद्दाम इंजिन दाबून ठेवते, असा शौकिनांचा युक्तिवाद. ठेवतेच. ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या 'एसएई जे२८०७' चाचणीत ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ किमान ३८ अंश उष्म्यात, पूर्ण भार ओढत आणि एसी पूर्ण क्षमतेने चालू ठेवून चढावा लागतो. ताकदीचे काही घोडे राखून ठेवले म्हणूनच इंजिन तिथे तग धरतं. डिझेल जास्त फवारलं की ताकद वाढते, तसं एक्झॉस्टचं तापमानही. ते बराच वेळ चढं राहिलं तर ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळू शकतो. वाढलेला टॉर्क गिअरबॉक्स सोसेलच, अशीही हमी नाही. रिंगटोनने निदान गिअरबॉक्स जळत नाही.

शौकिनांचा दुसरा युक्तिवाद असा की एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमुळे इंजिनाचा श्वास कोंडतो, म्हणून तो काढलाच पाहिजे. मग कोंडायचा तो मागच्या सायकलवाल्याचा! दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषणरोधक यंत्रणा काढली गेल्याचा अंदाज तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, २०२० मध्ये मांडला. ती काढण्यासाठी विकल्या जाणाऱ्या सामग्रीवर बहुधा 'फक्त शर्यतीसाठी' असं छापलेलं असतं. म्हणजे अमेरिकेत लाखो शर्यतपटू रोज किराणा आणायला जातात. खरोखरच ओझं ओढायचं असेल, तर कॅलिफोर्नियाच्या 'कार्ब' या हवा-प्रदूषण नियामक मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलं, फिल्टर शाबूत ठेवणारं सौम्य टोइंग ट्यून घ्या, आणि त्याआधी एक्झॉस्टच्या तापमानाचा मापक बसवा.